फेब्रुवारीचं तोंड

माणसाच्या मनात काय चाललंय ते मला त्याच्या तोंडावरून कळत नाही, ट्रेवरून कळतं. केसलर गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात मला एकतीस वर्षं झाली. त्यातली निम्मी मी त्या खिडकीपाशी काढली, जिथून मुलं उष्टे ट्रे आत सरकवतात. कोणाचं जमलं, कोणाचं फिसकटलं, कोणाच्या घरी आईबाप बोलत नाहीत, हे मला हेडमास्तरांच्या आधी कळतं. मुलं मला मिस व्हॉनी म्हणतात. खरं नाव लवॉन ह्रुश्का. तोंडाची फटकळ आहे आणि त्याबद्दल मी अजून कोणाची माफी मागितलेली नाही.

तर अशी मी, आणि माझ्या सख्ख्या भाचीचा ट्रे मला वेळेवर वाचता आला नाही.

आमचं गाव कुस्तीचं. आयोवात अशी पुष्कळ गावं आहेत, पण ती आमच्या खालोखाल. नोव्हेंबरात मोसम सुरू झाला की मार्लिस तिच्या कॅफेतल्या डोनटच्या कपाटावर चौकड्यांचा टॉवेल टाकते आणि मोसम संपेपर्यंत काढत नाही. वजन उतरवणाऱ्या पोरांच्या डोळ्यांसमोर डोनट नकोत म्हणून. तुम्हाला डोनट हवाच असेल तर हळूच मागायचा, मार्लिस तो पाकिटात घालून काउंटरखालून देते, आणि तुम्ही तो गाडीत बसून खाता. सत्तरीचे म्हातारेसुद्धा हा नियम पाळतात.

आणि पोरांच्या चेहऱ्याला आमच्याकडे एक नाव आहे, फेब्रुवारीचं तोंड. गाल बसलेले, नजर कुठेतरी लांब, धड उत्तर नाही, हसणं नाही. राज्य स्पर्धा जवळ आली की सगळ्या टीमचं तोंड तसं होतं. मग म्हातारे एकमेकांना कोपर मारून म्हणतात, "बघितलंस? फेब्रुवारीचं तोंड आलं. पोरगं तयार आहे." मार्च आला की पोरं पुन्हा हसायला लागतात. मी एकतीस हिवाळे हे पाहिलं आणि थंडीसारखंच समजत आले. थंडी पडते, तशी पोरांची तोंडं पडतात. त्यात विचारायचं काय?

माझा धाकटा भाऊ ड्वेन तर या गावाचा देवच. एक्याण्णव साली राज्य स्पर्धेच्या आधी अकरा दिवसांत त्याने सोळा पौंड उतरवले होते. शाळेच्या बॉयलरच्या खोलीत रबरी कोट घालून धावायचा, अंगातलं पाणी कमी व्हावं म्हणून कपात थुंकत बसायचा. वजनगट गाठला आणि पहिला आला. जिमच्या बोळात त्याचा फोटो आहे, छातीची हाडं मोजून घ्यावीत असा. ही गोष्ट आमच्याकडे दर थँक्सगिव्हिंगला टर्कीबरोबर वाढली जाते. त्यात माझंही एक काम आहे. त्या अकरा दिवसांत एकदा ड्वेनचा हात बटाट्यांकडे गेला तेव्हा मी उठले, त्याच्यापुढचं ताट उचललं आणि कुत्र्यापुढे नेऊन ठेवलं. इथे सगळे टाळ्या वाजवतात. मीही दरवर्षी मान लववून घेते.

आता ड्वेन मुलींच्या टीमचा कोच आहे. त्याची टेगन सोळा वर्षांची. तिची आई ती नऊ वर्षांची असताना ॲरिझोनाला निघून गेली, तेव्हापासून बाप, लेक आणि दोन घरं सोडून मी. टेगनचा एकेरी पट असा की समोरच्या मुलीला आपला पाय गेल्याचं खाली पडल्यावर समजतं. गेल्या मोसमात ती एकशेवीस पौंडांत लढली. उन्हाळ्यात पोरगी दोन इंच वाढली, खांदे भरले, पण यंदाही एकशेवीसच ठरलं. त्या गटात तिचं नाव राज्यात तिसरं होतं. मोसमाच्या सुरुवातीची वजनाची तपासणी झाली, कागदावर सही झाली, आणि वडिलांच्या फोटोशेजारची मोकळी जागा सगळ्या गावाने मनातल्या मनात तिला देऊन टाकली.

आमच्याकडे शाळेत चिलीबरोबर दालचिनीचा रोल देतात. राजमा आणि खिम्याची दाट चिली, आणि शेजारी साखरेचं पांढरं लिंपण लावलेला, तळहाताएवढा रोल. बाहेरगावचे लोक नाक मुरडतात. मुरडू देत. दर गुरुवारी मी असे चारशे रोल करते. टेगन लहानपणापासून तो बाहेरून उलगडत खाते, आणि मधला ओला, मऊ गाभा शेवटी ठेवते. तो खाताना डोळे मिटते.

जानेवारीच्या दुसऱ्या गुरुवारी तिचा ट्रे खिडकीतून आत आला. चिलीत चमचा दोनदा बुडालेला. रोल पूर्ण उलगडलेला, गाभ्यापर्यंत, लांब पट्टी करून ट्रेभर पसरलेला, आणि एक घासही खाल्लेला नव्हता. मी तो कितीतरी वेळ हातात धरून उभी होते. मग मागून ट्रेंचा ढीग आला आणि मी तो टाकून दिला.

त्या महिन्यात पोरीचं सगळंच बिनसलं होतं. जिवाभावाच्या मैत्रिणीशी भांडली, कारण त्या मैत्रिणीने म्हणे तिची पेन्सिल परत केली नाही. गणितात नापास झाली. पहाटे तीनला उठून बसायची. ड्वेन म्हणाला फोनमुळे, आणि फोन काढून घेतला. मी म्हणाले कोणीतरी पोरगा असणार. मार्लिसकडे तिला पाहून म्हातारे खूश झाले. फेब्रुवारीचं तोंड जानेवारीतच आलं म्हणाले.

मग एका सोमवारी, सरावाआधी, ती माझ्याकडे स्वयंपाकघरात आली. मी तिला चमच्यांचा डबा पुसायला दिला. डबा हातातून सुटला, चमचे फरशीभर झाले. एरवी ती खो खो हसली असती. ती खाली बसली आणि रडायला लागली, आवाज न करता.

"चमचेच आहेत गं," मी म्हणाले. "उचलू आपण."

"चमच्यांचं नाही आत्या."

"मग कशाचं? कोण आहे तो? नाव सांग, त्याला उद्यापासून उकडलेल्या भाज्याच वाढते."

ती हसली नाही. गुडघ्यात तोंड घालून म्हणाली, "कोणी नाही. मला कशाचंच काही वाटत नाही. कुस्तीचंसुद्धा नाही. सकाळी डोळे उघडले की वाटतं, एवढा मोठा दिवस, हा मी कुठे ठेवू?"

माझ्या हातातला चमचा हातातच राहिला. कारण हे मी ऐकलेलं होतं.

ड्वेनच्या गोष्टीचा एक तुकडा आम्ही कोणाला वाढत नाही. स्पर्धा जिंकून तो घरी आला, गावाने मिरवणूक काढली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो गोठ्यात जाऊन बसायला लागला. मार्च आला तरी हसला नाही. एक हातमोजा हरवला म्हणून तासभर रडला. मी दूध काढायला जायची तेव्हा तो गवताच्या गठ्ठ्यावर बसलेला असायचा, आणि एकदा मला म्हणाला, "व्हॉनी, दिवस संपतच नाही गं. एवढा दिवस मी कुठे ठेवू?" सतरा वर्षांचा होता. मी म्हणाले, थकलायस, झोप. आई म्हणाली, थकलाय. एप्रिलअखेर तो नीट जेवायला लागला आणि हळूहळू माणसात आला, आणि आम्ही सगळ्यांनी ते दोन महिने गोष्टीतून काढून टाकले. फोटोत ते महिने नव्हतेच.

मी टेगनला फरशीवरून उठवलं, तिला एक कप गरम दूध दिलं. तिने ते दोन्ही हातांत नुसतं धरून ठेवलं. मी विचारलं, "जेवलीस कधी नीट?" ती म्हणाली, "ख्रिसमसला." मग घाईने म्हणाली, "पण त्याचा काय संबंध?"

मी ॲप्रनसकट कुस्तीच्या हॉलमध्ये गेले. तिथे मॅट पुसायचं काम चालू होतं. ड्वेन शिट्टी गळ्यात घालून उभा होता.

"व्हॉनी, बूट काढ. मॅट आहे."

"बूट गेले खड्ड्यात. टेगन किती दिवस उपाशी आहे?"

"उपाशी नाही. वजनावर आहे. सगळं नियमात आहे, कागद दाखवू का?"

"कागद ठेव खिशात. कागदावर पोरीचं वजन आहे. पोरगी कुठे आहे त्यात?"

"वय आहे तिचं, असं होतं. त्यात तो फोन..."

"फोन तीन आठवडे तुझ्या टेबलाच्या खणात आहे ड्वेन. फोन काय तिथून तिचं डोकं खातोय?"

तो म्हणाला, "मी पण केलंय हे सगळं. मेलो का?"

"गोठ्यात मला काय म्हणाला होतास?"

त्याने मॅटकडे पाहिलं. "काय ते?"

"तुला माहीत आहे काय. आज तिने मला तेच विचारलं. एवढा मोठा दिवस कुठे ठेवू म्हणून. तुझ्या पोरीने, माझ्या फरशीवर बसून."

माझा भाऊ मोठा माणूस आहे, दोनशे तीस पौंडांचा. तो तिथे मॅटच्या कडेला बसला आणि स्वतःच्या बुटांची नाडी सोडायला लागला. का सोडत होता त्यालाही माहीत नसावं. तसंच खाली बघत म्हणाला, "मला वाटायचं ते माझंच काहीतरी होतं. मीच कच्चा."

"मला वाटायचं ते हवामान आहे," मी म्हणाले. "आपण दोघंही गाढव."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला डॉक्टर आमुंडसनकडे नेलं. म्हातारी बाई, बोलणं सरळ. तिने टेगनशी एकटीशी बराच वेळ बोलून घेतलं, रक्त तपासलं, मग आम्हाला आत बोलावलं. अंगात लोह नाही, झोप नाही, वाढीच्या वयात पोरीने स्वतःला अर्ध्या पोटावर ठेवलंय. "मेंदूही त्याच पोटावर चालतो," ती म्हणाली. "नुसतं खाल्लं की सगळं बरं होतं असं मी म्हणत नाही. तिला कोणाशी तरी बोलावंही लागेल, दर आठवड्याला, आणि मी नाव देते. पण उपाशी डोक्याची समजूत काढता येत नाही, हे लक्षात ठेवा. आधी जेवण. आणि वजनाचा हा खेळ आजपासून बंद."

ड्वेनने मान हलवली. टेगनने नाही.

त्या संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात तिने काय तांडव केलं. मी नूडल्स आणि चिकन करून नेलं होतं, ते तसंच राहिलं.

"तुम्ही दोघांनी ठरवलंत," ती म्हणाली. "लोक म्हणतील बाबाने सोळा पौंड उतरवले, पोरीला बारा जमले नाहीत. तुझा फोटो तिथे आणि मी काय, उकडलेला बटाटा?"

"टेगन, माझं ऐक."

"ऐकतेच आहे जन्मापासून. अकरा दिवस, सोळा पौंड, आत्याने ताट उचललं. पाठ आहे मला."

"पुढचं पाठ नाही," ड्वेन म्हणाला. "पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही."

आणि त्याने सांगितलं. खुर्चीत बसून, टेबलाच्या लाकडावर अंगठा घासत. गोठा सांगितला, हातमोजा सांगितला. जिंकलेलं पदक गवताच्या गठ्ठ्याखाली ठेवलं होतं आणि ते काढून बघावंसं एकदाही वाटलं नव्हतं, हे सांगितलं. हे तर मलाही माहीत नव्हतं. मिरवणुकीतलं त्याला काहीही आठवत नाही म्हणाला. आठवतो तो फक्त बँडवाल्यांच्या मागून येणारा भाजलेल्या मक्याचा वास.

टेगन उभी होती ती बसली. "मग आधी का नाही सांगितलंस?"

"सगळ्यांना ती गोष्ट तिथेच संपलेली आवडायची," तो म्हणाला. "मलाही."

मग तिने नूडल्सचं भांडं पुढे ओढलं. एक घास खाल्ला, थांबली, दुसरा खाल्ला. मध्येच रडली. आम्ही दोघं तिच्याकडे न पाहण्याचं नाटक करत बसलो. ड्वेन तर खिडकीबाहेर असा बघत होता, जसा काही बाहेर मोठा तमाशाच चाललाय. भांडं अर्धं झालं तेव्हा ती म्हणाली, "एकशेतीसमध्ये लढेन मी. पण डॉक्टर हो म्हणेल तेव्हाच, असं कोणी मला सांगायचं नाही. ते मी म्हणतेय."

"बरं," ड्वेन म्हणाला.

दोन आठवड्यांनी डॉक्टर हो म्हणाली. त्याआधी ड्वेनने सगळ्या टीमला बोळात त्या फोटोखाली उभं केलं आणि तीच गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. मी बोळाच्या टोकाला भांड्यांची गाडी घेऊन उभी होते. बावन्नाव्या वर्षाकडे झुकलेल्या, गावाने डोक्यावर घेतलेल्या माणसाने पोरींसमोर उभं राहून मी रडायचो असं सांगणं, हे त्या सोळा पौंडांपेक्षा जड होतं. त्याच्या कुस्त्या मी सगळ्या पाहिल्यात. त्या दिवसाइतका तो मला कधीच आवडला नव्हता.

गावाला हे पचायला वेळ लागला. मार्लिसकडे एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "कोचने पोरीला लाडावलं. तिसऱ्या नंबरची पोरगी, आता यादीतसुद्धा नाही." मी उठले, कपाटावरचा टॉवेल काढला, घडी घातली, मार्लिसच्या हातात दिली आणि दोन डोनट मागितले. मोठ्याने. एक त्याच्यापुढे ठेवला. "खा," म्हणाले. "उपाशीपोटी माणूस काहीही बरळतो." मार्लिसने टॉवेल पुन्हा टाकला नाही. ती म्हणाली धुवायला टाकलाय. अजून धुतेच आहे.

राज्य स्पर्धेच्या सकाळी टेगनने माझ्यासमोर दोन अंडी, ओट्स आणि केळं खाल्लं आणि मग काट्यावर उभी राहिली. एकशेअठ्ठावीस. समोरच्या मुली तिच्यापेक्षा ताकदवान होत्या, त्या गटात वर्षभर लढलेल्या. पहिली कुस्ती तिने चितपट जिंकली, दुसरी हरली, पण तिथे एका हारीने बाहेर काढत नाहीत, आणि तिसरी जिंकली. चौथी जिंकली असती तर पदक होतं. एका गुणाने हरली. शेवटच्या दहा सेकंदांत तिने तिचा एकेरी पट टाकला, पाय हातात आला, आणि वेळ संपली.

ती मॅटवरून उतरली, कान झाकणारं हेडगिअर आपटलं, शिवी दिली, जिन्याखाली बसून पंधरा मिनिटं ढसाढसा रडली. मी शेजारी बसले होते. मला ते रडणं ऐकून इतकं बरं वाटलं की मला स्वतःचीच लाज वाटली. हरलेल्या पोरीचं रडणं होतं ते, चांगलं दणदणीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग तिने बाहीला नाक पुसलं.

"अर्धा सेकंद आत्या. अर्धा सेकंद मिळाला असता तर ती गेली होती."

"गेलीच होती."

"पुढच्या वर्षी बघते तिला." मग इकडेतिकडे पाहून म्हणाली, "इथे खायला काय मिळतं? भूक लागलीय मला."

म्हणजे सगळं लगेच छान झालं असं नाही. मार्चमध्ये तिचे चार-पाच दिवस वाईट गेले. डॉक्टरने ज्यांचं नाव दिलं होतं, त्या बाईंकडे ती अजून दर मंगळवारी बोलायला जाते, काय बोलते ते मी विचारत नाही. मैत्रिणीची पेन्सिल तिने माफ केली. मी खिडकीतून ट्रे बघते, आता सगळ्या टीमचे बघते, आणि ज्याचा ट्रे मला आवडत नाही त्याला बाहेर येऊन गाठते. पोरं मला टाळायला बघतात. पण मी जाडी असले तरी चपळ आहे.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला सगळे आमच्याकडे जमले. टर्की कापून झाली आणि कोणीतरी नेहमीप्रमाणे म्हणालं, "ड्वेन, ती अकरा दिवसांची गोष्ट सांग." ड्वेनने सांगितली. बॉयलरची खोली आली, रबरी कोट आला, मी ताट उचललं तिथे टाळ्याही पडल्या. या वेळी मी मान लववली नाही. ड्वेनही थांबला नाही. तो मिरवणुकीच्या पुढे गेला, गोठ्यात गेला, आणि टेबलावरचे काटे-चमचे एकेक करून थांबले. आमचा एक मावसभाऊ, जो एरवी कोणाला बोलू देत नाही, तो ताटाकडे बघत बसला. त्याचा मुलगा यंदा पहिल्यांदा टीममध्ये आलाय. मग त्याने बटाट्यांचं भांडं उचलून त्या मुलापुढे ठेवलं.

टेगनचं दुसरं ताट चालू होतं. तिने ही गोष्ट आधी ऐकलेली, त्यामुळे ती जेवत होती.

"आत्या," ती तोंडात घास असतानाच म्हणाली, "ग्रेव्ही दे ना इकडे."

मी उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि तिच्या ताटात ग्रेव्ही ओतली, ती बस म्हणेपर्यंत. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. ग्रेव्ही वाढणाऱ्या बाईसाठी कोण टाळ्या वाजवणार? पण चौतीस वर्षांत त्या टेबलावर मी केलेलं हे एकच काम मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.